शोधायची जबाबदारी शाळेची, हेलपाटे मात्र आईबापाला

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचे हक्क कायद्यात २०१६ पासून आहेत. मग गावच्या शाळेतल्या मुलापर्यंत ते का पोचत नाहीत? आणि कागद हातात नसतानाही काय मागता येतं?

गावात असं एक तरी पोरगं असतंच. सहावीत आहे, पण मराठीचा धडा वाचायला दिला की बोट एका ओळीवर आणि नजर दुसऱ्या ओळीवर. 'भरत'चं 'मरत' वाचतं. 'घर' लिहायला सांगितलं तर 'धर' लिहितं. काना-मात्रा गळतात, जोडाक्षर आलं की गाडी अडते. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत बाकीच्यांच्या वह्या मिटलेल्या असतात. हेच पोरगं घरी मोटारीचा स्टार्टर बिघडला तर कुठली वायर सुटली ते बापाच्या आधी ओळखतं. गोष्ट तोंडी सांगायला लावली तर रंगवून सांगतं.

बाप म्हणतो, "डोकं चांगलंय, पण अभ्यासाचा कंटाळा." मास्तर म्हणतात, "लक्षच नसतं त्याचं." वर्गातली पोरं म्हणतात 'ढ'. आणि नववीत गेल्यावर एक दिवस ते पोरगं दप्तर खुंटीला टांगून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसतं. मुलगी असेल तर घरात लग्नाचा विषय निघतो. शिकायला तिचं मन लागत नाही, एवढं कारण पुरतं.

अशा सगळ्याच मुलांना अध्ययन अक्षमता असते असं नाही. पण काहींना असते, आणि त्यांना ती आहे हे कुणी तपासलेलंच नसतं. प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हा आळस नाही, मतिमंदपणाही नाही

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी सर्वसाधारण, कधी कधी चांगली तल्लख, पण लिहिलेली भाषा किंवा आकडे हाताळताना मेंदूला अडचण येते. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, आकडेमोडीत असेल तर डिसकॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात दोन-तीन अडचणी एकत्रही असतात. 'तारे जमीन पर' हा २००७ चा सिनेमा ज्यांनी पाहिला, त्यांना त्यातला इशान आठवत असेल. तीच ही गोष्ट.

ही अडचण जन्मापासूनची असते. आईबापाच्या लाडामुळे किंवा मोबाईलमुळे ती होत नाही. मार देऊन ती जात नाही. तिच्यावर गोळी नाही आणि बुद्धिवर्धक चूर्णही नाही. कुणी तसं विकत असेल तर पैसे वाचवावेत. वेगळ्या पद्धतीने, जास्त वेळ देऊन, नेमानं शिकवलं तर मात्र मूल पुढे जातं. जितकं लवकर कळेल तितका फरक जास्त पडतो.

शाळकरी मुलांमध्ये हे प्रमाण जगभरात ५ ते १५ टक्के सांगितलं जातं. कमीत कमी आकडा धरला तरी ३० मुलांच्या वर्गात एक-दोन मुलं अशी निघतात. म्हणजे प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत ही मुलं आहेत. शाळेच्या नोंदीत ती नसली तरी वर्गात आहेत.

कायद्याने काम कुणावर टाकलंय

१९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात फक्त ७ प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात प्रकार २१ झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यातला एक प्रकार ठरला.

या कायद्याचं कलम १६ प्रत्येक पालकाने माहीत करून घेण्यासारखं आहे. सरकारी पैशावर चालणारी किंवा सरकारची मान्यता असलेली कुठलीही शाळा यात येते. म्हणजे जिल्हा परिषदेची, अनुदानित संस्थेची आणि तालुक्याच्या गावी पिवळी बस पाठवणारी इंग्रजी शाळासुद्धा. अशा शाळेने मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर शोधायची आणि त्यावर शिकवण्यात योग्य ते उपाय करायचे, असं हे कलम सांगतं.

म्हणजे शोधायचं काम शाळेचं आहे. "तुमचं पोरगं जरा दाखवून आणा कुठंतरी" एवढं सांगून शाळेची जबाबदारी संपत नाही.

कलम १७ त्यापुढे जातं. दिव्यांग मुलं शोधण्यासाठी दर ५ वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायचं, त्यांच्या गरजा काय आहेत ते बघायचं, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी द्यायच्या. हे काम सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेलं आहे.

याशिवाय २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहेच. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांना त्यात स्पष्टपणे घेतलं गेलं. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही. "तुमच्या मुलाला दुसऱ्या शाळेत घाला, आमचा निकाल खराब होतो" असं कुणी सुचवत असेल तर ते नियमात बसत नाही.

कागदावर एवढं सगळं आहे. आता गावात काय होतं ते बघू.

जिथं निम्मा वर्ग मागे, तिथं हा एक कसा दिसणार?

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली देशातल्या खेड्यांतल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. या सगळ्यांना अध्ययन अक्षमता असणं शक्यच नाही. त्यातली बहुतेक मुलं मागे पडली त्याची कारणं वेगळी आहेत. दोन शिक्षकी शाळा, शिक्षकाच्या डोक्यावर निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतची कामं, कोरोनात बुडालेली वर्षं.

बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यात आणखी एक कारण जोडलं जातं. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की पोरंही कोयत्याबरोबर जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. अर्धं वर्ष बुडालेल्या मुलाला वाचता येत नाही, तेव्हा ते शाळा बुडल्यामुळे की अध्ययन अक्षमतेमुळे, हे वरवर बघून कुणीच सांगू शकत नाही. नंदुरबार, मेळघाट भागात घरची भाषा भिली, पावरी किंवा कोरकू आणि पुस्तकाची मराठी. तिथं भाषेची अडचण आणि अध्ययन अक्षमता यांची गल्लत सहज होते.

यात दोन्ही बाजूंनी चूक होते. ज्याची शाळा बुडाली त्याच्यावर शिक्का बसू शकतो. आणि ज्याला खरंच अक्षमता आहे तो "सगळ्यांनाच येत नाही, याला कुठं येणार" या वाक्याखाली दडून जातो. गावात जास्त करून दुसरी चूक होते.

फरक ओळखायची एक साधी खूण आहे. शाळा बुडालेल्या मुलाला दोन-तीन महिने नीट शिकवलं की ते भराभर पुढे सरकतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला तेवढंच, तसंच शिकवलं तरी गाडी तिथंच अडते. आज वाचलेला शब्द उद्या नवा वाटतो. तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी कोरं, ही तफावत कायम राहते. म्हणून 'शिकवून बघितलं, तरी सरकलं नाही' ही नोंद शिक्षकाने तारखेसह ठेवणं फार मोलाचं असतं. पुढे तपासणीला ती कामी येते.

मराठीत आणखी एक गोष्ट होते. देवनागरीत जसं लिहितो बहुतेक तसंच वाचतो. इंग्रजीसारखी स्पेलिंगची भानगड नाही. त्यामुळे काही मुलं अक्षर अक्षर जुळवत कसंबसं वाचतात, चुका थोड्या करतात, पण वेग फार कमी असतो. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. "वाचता तर येतं की" म्हणून शिक्षक पुढे जातात. मग अशा मुलाला पालक कर्ज काढून इंग्रजी शाळेत टाकतात. एका लिपीत अडखळणारं मूल आता दोन लिप्यांत अडखळतं आणि फी भरूनही शिकत नाही म्हणून बोलणी खातं.

तपासणीची साधनं आहेत, वापर कमी

साधनंच नाहीत असं म्हणता येणार नाही. एनसीईआरटीने सप्टेंबर २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाचं ॲप आणलं. त्यात शिक्षकाने मुलाबद्दल प्रश्नांची यादी भरायची. कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी कशाची शक्यता दिसते, याची प्राथमिक चाळणी त्यातून होते. हे निदान नव्हे. पण पुढे कुणाला तपासायला पाठवायचं हे त्यातून कळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. ज्या ३० दोष-आजारांची तपासणी त्यात अपेक्षित आहे, त्यात अध्ययनातल्या अडचणीही आहेत. पण एका दिवसात सगळी शाळा उरकायची असली की वजन, दात, डोळे, रक्त कमी आहे का, एवढ्यावर भर जातो. मूल वाचतं कसं हे बघायला बसून वेळ द्यावा लागतो. शिक्षकाने आधीच नावं काढून ठेवली आणि "या चौघांना नीट बघा" असं पथकाला सांगितलं, तर तीच भेट उपयोगाची ठरते.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीतल्या चाचणीने तपासणं चुकीचं, हे तज्ज्ञही मानतात. म्हणून राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाच्या चाचण्या तयार केल्या. त्या २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आल्या. म्हणजे आपल्या भाषेत तपासायचं साधन दहा वर्षांपूर्वीच तयार झालं. ते चालवणारं प्रशिक्षित माणूस तालुक्याला मिळणं, ही खरी अडचण आहे.

प्रमाणपत्राची वाट

पाय किंवा डोळ्याचं अपंगत्व डॉक्टर तपासून ठरवू शकतात. अध्ययन अक्षमतेचं तसं नाही. आधी डोळे आणि कान तपासायचे, कारण ऐकू कमी आल्यानेही मूल मागे पडतं. मग बालरोगतज्ज्ञ. मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांक चाचणी. मग वाचन, लेखन, गणिताची चाचणी. हे एका दिवसात होत नाही. साधारण आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे आणि मूल मोठं होताना पुन्हा तपासावं लागतं.

बरीच वर्षं ही सगळी सोय मोठ्या शहरांभोवतीच राहिली. मुंबईत सायन रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. मुंबईतच १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही पालकांची-तज्ज्ञांची संस्था उभी राहिली. शहरातल्या जागरूक पालकांनी दबाव आणला म्हणून दहावी-बारावीच्या सवलती सुरू झाल्या आणि वाढत गेल्या. ते चांगलंच झालं. पण त्याचा दुसरा परिणाम असा की सवलत कुणाला मिळते, तर ज्याचे आईबाप शिकलेले आहेत, ज्यांना हा शब्द माहीत आहे आणि ज्यांच्या जवळ रुग्णालय आहे, त्यांच्या मुलाला.

गावच्या मुलासाठी हिशोब वेगळा होतो. पहाटेची एसटी, बापाची एक दिवसाची रोजी, मुलाची एक दिवसाची शाळा. जिल्ह्याला गेल्यावर कळतं की मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून ठराविक दिवशीच असतात, किंवा पदच रिकामं आहे आणि वरच्या शहराला जा. चिठ्ठी घेऊन परत. असे तीन-चार हेलपाटे झाले की बाप विषय सोडून देतो. त्याला दोष देता येणार नाही.

खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून तपासणी कडक झाली आहे. ती असायलाच हवी. खोटेपणाने सवलत लाटणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात २ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण कडकपणाचा ताण खऱ्या गरजूवर पडतो, कारण त्याला चुकीची वाट माहीत नसते आणि बरोबर वाट लांबची असते.

चाळीस टक्के नसले तरी हक्क आहेत

गावात एक समज घट्ट आहे. ४० टक्क्यांचा दाखला नसेल तर काहीच मिळत नाही. हे अर्धवट खरं आहे.

काही लाभांना ४० टक्क्यांची अट आहेच. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा, सरकारी नोकरीतलं आरक्षण, यासाठी ती लागते. नोकरीत एकूण ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटाला आहे त्यात अध्ययन अक्षमताही येते.

पण शाळेने शोधणं, वेगळ्या पद्धतीने शिकवणं, परीक्षेत योग्य त्या सोयी देणं, यासाठी कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये ४० टक्क्यांची अट घातलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये हाताला पेटके येत असल्याने लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीचा खटला गाजला. 'नीट' परीक्षेत तिचा हक्काचा जादा एक तास केंद्रावर नाकारला गेला होता. शिक्षणातल्या सोयी फक्त ४० टक्केवाल्यांपुरत्या नाहीत, असं न्यायालयाने तेव्हाही बजावलं. पुन्हा परीक्षा घ्यायचा आदेश दिला नाही, पण तिच्यावरचा अन्याय दूर कसा करायचा ते ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितलं.

त्या मुलीकडे प्रमाणपत्र होतं, वकील होता, तरी तास नाकारला गेला. केंद्रावरच्या माणसालाच नियम माहीत नव्हता. मग गावच्या परीक्षा केंद्रावर काय होत असेल, याचा अंदाज करावा. म्हणून मंजुरीचा कागद आधीच हातात असणं आणि केंद्रप्रमुखाला तो परीक्षेच्या आधी दाखवणं गरजेचं.

विशेष शिक्षक: आकडा मोठा, वाटा छोटा

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं. प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे १. राज्यांनी ते पाळलं नाही म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा फटकारलं. मंजूर पदं जाहीर करा, भरती करा, असं सांगितलं.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षक पदांचा निर्णय घेतला. आतापर्यंत हे काम समग्र शिक्षा योजनेतल्या कंत्राटी शिक्षकांवर चाललं होतं. अनेकांची उमेदीची वर्षं तुटपुंज्या मानधनावर गेली. त्यामुळे निर्णय स्वागताचाच.

पण गावाच्या वाट्याला काय येतं, हा हिशोब घालून बघू. एका केंद्रात साधारण १२ शाळा धरल्या आणि महिन्यात कामाचे २४ दिवस धरले, तर एका शाळेला विशेष शिक्षक महिन्यात २ दिवस मिळतो. त्यात अंध, कर्णबधिर, बहुविकलांग, घरीच असलेली मुलं, सगळी त्यालाच बघायची. उघड दिसणाऱ्या अपंगत्वाकडे आधी लक्ष जाणार, हे साहजिक आहे. अध्ययन अक्षमता असलेलं मूल गप्प बसलेलं असतं. त्याचा नंबर शेवटी.

म्हणून विशेष शिक्षक आला की काम झालं, असं समजता येणार नाही. रोजच्या वर्गशिक्षकाला हे जमलं पाहिजे, आणि विशेष शिक्षकाने त्याला वाट दाखवली पाहिजे. तसं झालं तर महिन्यातले २ दिवसही कमी नाहीत.

पाचवी-आठवीच्या परीक्षेने वेळ कमी केला

आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, हा नियम आता राहिलेला नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपल्या नियमांत तसा बदल केला.

गावात अनेकांना हे पटतं. "पोरं न शिकताच वर जात होती," हे पालकांचं म्हणणं खोटं नाही. पण अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला त्याच वर्गात, त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष बसवून काय मिळणार? ज्या पद्धतीने पहिल्या वर्षी कळलं नाही, त्याच पद्धतीने दुसऱ्या वर्षीही कळणार नाही. वर लहान पोरांबरोबर बसायची लाज. आधी असं मूल नववीत शाळा सोडायचं. आता ते पाचवीतच मन काढून घेईल, ही भीती आहे.

याचा सरळ अर्थ असा की तपासणी पाचवीच्या परीक्षेआधी, म्हणजे तिसरी-चौथीत व्हायला हवी. नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याआधी "याला शिकण्याची काही अडचण आहे का" हे बघितलं का, असा प्रश्न पालकाने विचारायलाच हवा.

दहावीला काय मिळतं

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती आहेत. २०१८ च्या शासन निर्णयाने त्या कायद्यातल्या सगळ्या प्रकारांना लागू झाल्या. पेपरच्या प्रत्येक तासाला साधारण २० मिनिटं जादा वेळ. गरजेप्रमाणे लेखनिक. शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. काहींना कॅल्क्युलेटर. गणिताच्या जागी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची मुभा. कुणाला कुठली सवलत हे त्याच्या प्रमाणपत्रावर आणि अडचणीवर ठरतं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गणित सोडलं की पुढे गणित लागणाऱ्या शाखांची वाट अडू शकते. म्हणून ही सवलत मिळते म्हणून घेऊ नये. मुलाला खरंच जमत नसेल आणि पुढचा विचार झाला असेल तरच घ्यावी. दुसरं, लेखनिक मिळाला म्हणजे पेपर सुटला असं नाही. सांगून लिहून घ्यायचीही सवय लागते. लेखनिक बहुतेक खालच्या वर्गातला मुलगा असतो. त्याच्याबरोबर सहामाहीपासून सराव झाला नाही तर पेपरात दोघंही गोंधळतात.

मंजुरी विभागीय मंडळाकडून येते आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ सुरू केली तर प्रमाणपत्र वेळेत हाती पडत नाही. आठवी-नववीतच कामाला लागावं.

"दाखला काढला तर लोक काय म्हणतील?"

शाळा, दवाखाना, मंडळ यांच्या आधी एक अडथळा घरातच असतो. दिव्यांग हा शब्द मुलाच्या नावापुढे लागेल ही भीती. मुलीच्या बाबतीत तर जास्तच. "उद्या स्थळ आलं तर?" आजी विचारते आणि विषय तिथंच थांबतो.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. खेड्यात शिक्का लवकर बसतो आणि लवकर पुसत नाही. पण 'ढ' हा शिक्का तर मुलावर आधीच बसलेला आहे, आणि तो पोरगं स्वतःही खरा मानायला लागतं. तपासणीनंतर निदान त्याला एवढं कळतं की आपल्यात खोट नाही, आपली शिकायची वाट वेगळी आहे. शिवाय तपासणी करणं आणि दाखला काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण काय आहे ते समजून घेऊन शिकवण्यात बदल करायला दाखल्याची गरज नाही. दाखला कधी काढायचा, हे घरच्यांनी विचाराने ठरवावं.

आता लगेच करता येण्यासारखं

१. लेखी अर्ज द्या. "माझ्या मुलाला वाचन-लेखनात सतत अडचण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ प्रमाणे त्याची तपासणी करून योग्य उपाय करावेत," एवढी दोन वाक्यं मुख्याध्यापकांच्या नावे पुरेशी आहेत. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

२. उत्तर आलं नाही तर तीच प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आणि गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारी माणसं असतात. त्यांना नावानिशी भेटा. तरीही काही झालं नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात आहेत. त्यांच्याकडे तक्रार करता येते.

३. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. हे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतं. कधी कधी चष्म्यानेच प्रश्न सुटतो.

४. वह्या जपून ठेवा. दोन-तीन वर्षांच्या वह्या, निकालपत्रकं, शिक्षकांच्या नोंदी तपासणीच्या वेळी उपयोगी पडतात. रद्दीत घालू नका.

५. जिल्हा रुग्णालयात जाण्याआधी तपासणीचा वार फोन करून विचारा. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर होतो. सेवा केंद्रातून भरलात तर पावती आणि अर्ज क्रमांक स्वतःजवळ ठेवा.

६. शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. समितीत ७५ टक्के पालकच असतात. "तिसरी ते पाचवीतल्या मुलांची 'प्रशस्त'वर चाळणी झाली का?" हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

७. ग्रामसभेत विचारा. ग्रामपंचायतीला स्वनिधीतला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तपासणीला जिल्ह्याला जाणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च त्यातून करता येईल का, हे ग्रामसेवकाला विचारायला काय हरकत आहे?

८. घरी सक्ती नको, सराव हवा. रोज १५-२० मिनिटं पुरे. अक्षर मातीत किंवा परातीतल्या पिठात बोटाने गिरवायचं, गिरवताना मोठ्याने म्हणायचं. शब्द टाळ्या वाजवून तोडायचा. बेरीज-वजाबाकी ज्वारीच्या दाण्यांवर करायची. धडा आईने, ताईने वाचून दाखवायचा आणि उत्तर तोंडी घ्यायचं. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्या आईबापांनी मोबाईलवर धडा ऐकवला तरी चालतं.

शिक्षकांनाही यातलं बरंच उद्यापासून करता येईल. अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवणं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला न लावणं, लेखी कमी आणि तोंडी जास्त घेणं, फळ्यावरचं उतरवायला शेजाऱ्याची वही देणं. यातल्या एकाही गोष्टीला शासन निर्णय लागत नाही.

प्रश्न कुणाला विचारायचा

४,८६० पदांपैकी आपल्या तालुक्यात किती भरली, कलम १७ प्रमाणे शाळांचं सर्वेक्षण शेवटचं कधी झालं, त्यात अध्ययन अक्षमतेची किती मुलं सापडली, आणि जिल्हा रुग्णालयात ही तपासणी करणारा मानसशास्त्रज्ञ आहे की नाही, या चार प्रश्नांची उत्तरं जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असायला हवीत. सदस्यांनी सभेत विचारावीत. पालकांना माहितीच्या अधिकारात मागता येतात.

सर्वेक्षणात एखाद्या तालुक्याचा आकडा शून्य किंवा दोन-चार आला, तर तिथं अशी मुलं नाहीत असं कुणी समजू नये. त्याचा अर्थ एवढाच की तिथं कुणी शोधलेलं नाही. ते पोरगं अजून मागच्या बाकावर बसलेलं आहे आणि पुढच्या जूनमध्ये ते शाळेत येईल की नाही, हे या वर्षी त्याच्याकडे कुणी बघितलं का यावर ठरणार आहे.